चार चष्मे आणि धाकटीचे डोळे

माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांचा मला हेवा वाटतो. आजारपणाबद्दल लिहिणारी माणसं सुरुवातीला वाचकाला धीर देतात, देवाचे आभार मानतात. मी हेव्यापासून सुरुवात करतेय, कारण निदान झालं त्या दिवसापासून तो माझ्यासोबत आहे, डोळ्यांत घालायच्या थेंबांइतकाच नेमाने. आणि आजारी माणसाला बऱ्या माणसाचा असा हेवा वाटतो, हे कुणीतरी छापून ठेवायला हवं. मला तेव्हा ते कुठे वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आजाराचं नाव केराटोकोनस. बुबुळासमोर काचेसारखा पारदर्शक पापुद्रा असतो, त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. तो पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. एवढं वैद्यक पुरे. डॉक्टर सांगत नाहीत ते मी सांगते: मस्कतमध्ये विम्याचं कार्ड पर्समध्ये असताना माझा उजवा डोळा कसा हातचा गेला, आणि डावा कसा थोडक्यात राहिला.

पत्रकांचं घर

आम्ही चिपळूणच्या. अप्पा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे सेक्रेटरी. घरात हाताने फिरवायचं जुनं सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे. मला आणि धाकट्या सायलीला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरूनच. ‘बोनस’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. पत्रक कसं लिहायचं याचा अप्पांचा एकच नियम होता: मागणी पहिल्या ओळीत, राग दुसऱ्या ओळीत. राग आधी आला की मालक तेवढाच वाचतो आणि कागद बाजूला सारतो.

बोटांना शाई लागलेली असायची, म्हणून अप्पा मनगटाने डोळे चोळायचे, जोरात, गोल गोल. आम्ही दोघी पोरीही तसंच चोळायला शिकलो. आमच्या बोटांना शाई नव्हती, तरीही.

आता मी मस्कतच्या अल खुवैरमधल्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिते आणि छपाईला जाण्याआधी तपासते. सायली माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचं लग्न माझ्या आधी झालं. नवरा निखिल इंजिनियर, कंपनी मोठी, घर मस्कतमध्येच, अल खौदला. तिच्याकडे नवरा आहे, गाडी आहे, गाडीचं लायसन्स आहे, आणि निखिलच्या कंपनीचं सोनेरी विमा कार्ड आहे. माझं कार्ड निळं. मी लहानपणापासून जगाकडे वरची श्रेणी आणि खालची श्रेणी असंच बघत आले, त्यामुळे कार्डांचे रंग माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

गॉगलचा सण

विम्याचं वर्ष संपत आलं की इथल्या भारतीयांमध्ये एक सण येतो. त्याला नाव नाही. विम्यातला वर्षाचा एक चष्मा वाया जाऊ नये म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानांत ओळखीची सगळी कुटुंबं भेटतात. “तुम्ही पण बेनिफिट वापरायला?” “हो ना, लॅप्स होईल उगीच.” ज्यांना नंबर नाही तेही शून्य नंबरचा चष्मा लिहून घेतात आणि गॉगल घालून बाहेर पडतात. सायलीकडे असे गॉगल साठलेले. एकदा तिने मलाही नेलं.

“ताई, तू पण घे की. हा बघ, किती छान आहे.”

“मला गॉगल नको. नंबर आहे म्हणून चष्मा घेईन. हक्काचं तेवढंच.”

“घे बाई तुझं तत्त्व. त्याला फ्रेम कुठली लावायची?”

मी चष्माच घेतला, तिच्या लग्नाआधीपासून दरवर्षी घेत होते तसा. पुढच्या वर्षी नंबर बदलला, परत चष्मा. विमा देतोय, मी घेतेय. दरवर्षी नंबर का बदलतो हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण नवा चष्मा दरवर्षी हातात पडत होता. शेवटच्या खेपेला दुकानातला माणूस मशीनवरून मान वर करून म्हणाला, “मॅडम, सिलिंडर का नंबर फिर बढ़ गया. एक बार हॉस्पिटल में दिखा दीजिए.”

मी ऑफिसात विचारलं. विम्याचं बघणारे साहेब कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, “आइज़? ऑप्टिकल है ना. साल में एक चष्मा. बस, खलास.”

म्हणजे डोळ्यांसाठी विमा देतो तो चष्मा, आणि तो मी घेतलाय. डॉक्टरकडे गेले तर ते खिशातून. मी असं समजले. माझ्या ओळखीतल्या दहा घरांत आजही असंच समजतात, आणि मी हे सगळं लिहायला बसले ते त्या घरांसाठी.

निदान

हॉस्पिटलात गेले ती आजार वाटला म्हणून नाही, तर लायसन्ससाठीच्या डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले म्हणून. या शहरात गाडी चालवता न येणारा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या मागच्या सीटवर बसतो. डावा डोळा झाकून बोर्डाकडे पाहिलं तर प्रत्येक अक्षराला सावल्या फुटल्या होत्या. तपासणाऱ्या माणसाने मला परत पाठवलं आणि मी घरी येऊन सायलीच्या लायसन्सवर मनातल्या मनात जळले.

हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या ओमानी मुलीने इंग्रजीत विचारलं, “ऑप्टिकल की मेडिकल?”

मी ताठ मानेने सांगितलं, “ऑप्टिकल. नंबर वाढलाय.” आपला हक्क कुठल्या नावाने आहे हे माहीत असलेल्या माणसाचा ताठा होता तो. हा प्रसंग लक्षात ठेवा.

डॉक्टर इजिप्तच्या होत्या, गोल चेहऱ्याच्या, घाईत बोलणाऱ्या. एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसले आणि पडद्यावर माझ्या दोन डोळ्यांचे दोन नकाशे उमटले, शाळेतल्या डोंगर-दऱ्यांच्या नकाशांसारखे. डाव्यात पिवळा, नारिंगी. उजव्यात मधोमध लालभडक. डॉक्टरांचं बोलणं थांबलं. माझा हात आपोआप डोळ्याकडे गेला, मनगट गोल फिरायला लागलं, आणि डॉक्टरांनी ते मनगट हवेतच पकडलं.

“हे. हे किती वर्षं करतेस?”

“लहानपणापासून.”

“खलास. आजपासून हा हात डोळ्याकडे जायचा नाही.”

मग त्यांनी सरळ सांगितलं. उजवा डोळा उपचाराच्या पलीकडे पातळ झालाय. त्याला कडक लेन्स लावून जितकं दिसेल तितकं, आणि पुढे कधी तरी कॉर्निया बदलावा लागेल. डावा अजून हातात आहे. त्यात औषधाचे थेंब घालून वरून जांभळा प्रकाश सोडतात, त्याने पापुद्रा घट्ट होतो आणि आजार जागच्या जागी थांबतो. सुधारत नाही, थांबतो. आणि तोही पापुद्र्याची जाडी पुरेशी असेपर्यंतच.

“म्हणजे किती लवकर करायला हवं?”

“लवकर. तुझा डोळा आणि माझं यंत्र, दोघांच्या मध्ये कुणी उभं राहू देऊ नकोस.” मग त्यांनी विचारलं, “भावंडं आहेत? त्यांना आण. हा आजार घरात फिरतो.”

पिवळा ठिपका

सायली रडत आली, माझ्यासाठी. तिची तपासणी झाली. एका डोळ्याच्या नकाशात कडेला फिकट पिवळा ठिपका, आजाराची नुकती सुरुवात. बस. डॉक्टरांचा चेहरा उजळला. “मला रुग्ण असे हवेत,” त्या म्हणाल्या, “अशा वेळी यायला हवेत.”

हे वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या नव्हत्या. पण मी ते माझ्या नावावर लिहून घेतलं.

दोघींच्या उपचारांसाठी विमा कंपनीकडे आगाऊ मंजुरी मागितली गेली. सायलीची दुसऱ्या दिवशी आली. माझ्या अर्जावर उत्तर आलं: चष्म्याचा नंबर घालवण्याचे उपचार या पॉलिसीत बसत नाहीत.

तो मेसेज मी सायलीच्या गाडीत वाचला, मोबाइल नाकाला लावून. ती गाडी चालवत होती. कुणालाच न मिळालेल्या गोष्टीचं दुःख वेगळं असतं. इथे ती गोष्ट माझ्या शेजारी बसून गिअर बदलत होती.

“निखिलची कंपनी मोठी आहे ना गं, म्हणून असेल,” ती हळूच म्हणाली. समजूत घालत होती.

“हो. सोनेरी कार्डवाल्यांचे डोळे आधी. निळ्यांचे उरले तर.”

“मी काय केलं पण, ताई?”

“तू कुठे काय करतेस? तुला सगळं मिळतं. चोळायला शिकलो आपण दोघी, एकाच अप्पांकडून. ठिपका तुझ्या वाट्याला आणि डोंगर माझ्या.”

तिने गाडी कडेला घेतली आणि इशाऱ्याचे दिवे लावले. “जळतेस तू माझ्यावर.”

“हो.”

“मग उतर आणि टॅक्सी कर.”

मी दाराचा खटका शोधायला लागले. ऊन डोळ्यावर आलं होतं, दाराच्या आतल्या सगळ्या काळ्या खुंट्या एकमेकींत मिसळल्या होत्या. मी चाचपत राहिले. तिने ते पाहिलं. काही न बोलता गाडी परत रस्त्यावर घेतली.

रात्रीचं जेवण तिच्याकडेच होतं. त्याआधी आईचा फोन. “बघ, तुझ्यामुळे सायलीचं निभावलं. देवच पावला.”

“माझ्या वेळी देव कुठल्या नेटवर्कमध्ये होता गं आई?”

मला वाईट वाटलं, पण वाक्य मी मागे घेतलं नाही. माझ्या आजारामुळे बहिणीचा डोळा वाचला, ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना फार गोड लागत होती. मला ती गिळताच येत नव्हती. मी शिडी झाले होते, आणि शिडीला कुणी विचारत नाही, तुला वर यायचंय का.

निषेध

विमा कंपनीला मी पत्र लिहिलं. पत्र कसलं, पत्रकच. ‘दोन श्रेणींची कार्डं, दोन श्रेणींचे डोळे’ असा मथळा. इंग्रजीत तो आणखी धारदार झाला होता. उत्तर आलं, तेच वाक्य, शब्दही न बदलता.

दरम्यान दिवस जात होते. माझ्या खिडकीतून मशिदीच्या मिनारावरचा हिरवा दिवा दिसतो. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या अजानीला मी रोज उजवा डोळा झाकून डाव्याने त्याच्याकडे बघायची. उजव्याला तो दिवा पसरलेल्या फुलासारखा दिसायचा. डाव्याला अजून दिवा दिसत होता, पण त्याला एक शेपटी फुटली होती. काल एवढी होती का? की मोठी झाली? कुणाला विचारणार? ते मोजायला माझ्याजवळ तोच डोळा होता.

ते पत्र मी अप्पांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं, मराठी करून. शाबासकीची खात्री होती.

“भाषा झकास,” अप्पा म्हणाले. “मागणी काय आहे?”

“न्याय.”

“तो कुठल्या खिडकीवर मिळतो?”

“अप्पा, चेष्टा करू नका.”

“चेष्टा नाही करत, मुक्ता. मी त्या टेबलावर बसलेला माणूस आहे असं धर. तू मला शिव्या दिल्यास, बरं. पण मी देऊ काय, ते सांगितलंसच नाहीस. सायलीला कसं दिलं मग?”

“तिचं कार्ड वरचं.”

“दोन्ही पॉलिसी वाचल्यास?”

“नाही.”

“युनियनची पोरगी, आणि करार न वाचता संपावर?” अप्पा हसले आणि मनगटाने डोळा चोळायला लागले. मी इतक्या जोरात ओरडले की मागून आई धावत आली.

निखिलकडून त्यांची पॉलिसी मागवली आणि माझ्या पॉलिसीशेजारी ठेवून वाचली, अक्षरं मोठी करून, एक डोळा मिटून. फरक होते. त्यांना स्वतंत्र खोली, आम्हाला दोघांत एक. त्यांची हॉस्पिटलं जास्त. पण डोळ्यांचं? चष्मा, लेन्स, नंबर तपासणं याचं एक वेगळं पान, त्यावर वर्षाला एक चष्मा. आणि डोळ्यांचा आजार? तो त्या पानावर नव्हताच. तो ताप, हाडं, पोट यांच्या रांगेत, साध्या वैद्यकीय उपचारांच्या भागात होता. दोन्ही पॉलिसींमध्ये तीच ओळ. नंबर घालवण्याच्या उपचारांना नकारही दोन्हीकडे तोच.

मग सायलीला हो आणि मला नाही, हे कसं? सोनेरी कार्डाचं कारण माझ्या हातून निसटलं. हेवा मात्र होता तिथेच राहिला. त्याला कारण लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

रिसेप्शन

सायलीच्या उपचाराच्या दिवशी मी सोबत गेले. निखिलला सुट्टी मिळाली नव्हती. जायची इच्छा नव्हती, पण आईने फोनवर शपथ घातली होती. काउंटरवर तीच ओमानी मुलगी.

“ऑप्टिकल की मेडिकल?”

सायलीने एक क्षणही विचार केला नाही. “मेडिकल. माझ्या बहिणीला केराटोकोनस आहे. मलाही निघालाय.”

मी तिच्या मागे पर्स धरून उभी होते. ती पर्स माझ्या हातात जड झाली. सायलीने पॉलिसी उघडूनही पाहिली नव्हती. पहिल्या भेटीलाही ती फक्त खरं बोलली असणार: घरात आजार आहे, म्हणून आले. मी मात्र आजाराला नंबर म्हणाले होते.

ती आत गेल्यावर मी काउंटरवर वाकले. “माझ्या पहिल्या भेटीची नोंद कशाखाली आहे?”

मुलीने बघितलं. “ऑप्टिकल. तुम्हीच सांगितलंत.”

“आणि डॉक्टरांनी मंजुरीसाठी जे पाठवलं?”

“ते त्याच भेटीला जोडून गेलं.”

म्हणजे विमा कंपनीच्या टेबलावरच्या माणसाला दिसलं ते एवढंच: चष्म्याचा नंबर वाढलेली एक बाई नंबर घालवून मागतेय. त्याने नकार दिला. त्याच्या जागी मी असते तर मीही दिला असता, हे लिहायला मला आजही त्रास होतो.

सायलीचं आटोपून डॉक्टर बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “या सलाम! मला वाटलं, तुझ्या कार्डातच नाही.” मग लगेच कामाला लागल्या. आजाराखाली नवी भेट उघडायची, नवी मागणी. “पण एकदा नाही म्हटलंय ना, आता ते पुरावा मागणार, आजार वाढतोय याचा. दोन नकाशांमध्ये काही महिन्यांचं अंतर लागतं. तेवढं तुझ्याकडे नाही. जुने नंबर आहेत का कुठे लिहिलेले?”

“लिहिलेले नाहीत. चष्मे आहेत.”

“जुने? सगळे?”

“आमच्या घरात काही टाकत नाहीत.”

डॉक्टर हसल्या. “यल्ला, चला. उद्या घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी सायलीची तपासणी होती. उपचाराच्या डोळ्याला उजेड सहन होत नव्हता, म्हणून तिने बेनिफिटातला गॉगल लावला होता, मोठा, तपकिरी, आणि गळणारा डोळा त्याच्याआडून टिपत होती. ज्या गॉगलला मी तत्त्वाने नाक मुरडलं होतं तो आता तिच्या कामी येत होता. त्याचाही हेवा वाटला. काय करणार?

टेक्निशियनने काचेचा नंबर वाचणारं यंत्र लावलं आणि मी चारही चष्मे टेबलावर ओतले. कुठला कधीचा, मला आठवेना. सगळ्या फ्रेमा काळ्या.

“सर, थांबा,” सायली म्हणाली आणि एका डोळ्याने त्यांची रांग लावायला लागली. “हा सगळ्यात जुना, याची काडी माझ्या साखरपुड्यात मोडली होती, बघ तार बांधलीय. हा लग्नातला. फोटोत तू यात फुगून बसलीयस.”

“मी फुगले नव्हते.”

“मावशी विचारत होती, हिला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, ताईचा चेहराच क्रांतिकारक आहे. हा त्याच्यानंतरचा. आणि हा आत्ताचा.”

टेक्निशियन हसू दाबत एकेक चष्मा यंत्राखाली धरत गेला. प्रत्येक काचेत आकडा वाढत होता, पायऱ्यांसारखा. आणि त्यातला प्रत्येक चष्मा विमा कंपनीनेच दिला होता. कुठल्या वर्षी दिला, हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती.

नवं पत्र मी तिथेच बसून लिहिलं. पहिली ओळ: डाव्या डोळ्याच्या केराटोकोनसवरचा उपचार, आजार म्हणून, वैद्यकीय भागातून, तातडीने मंजूर करावा. दुसरी ओळ: एकाच माणसाला चार वर्षांत चार वाढत्या नंबरांचे चष्मे देताना आपल्याकडे कुणालाही प्रश्न कसा पडला नाही?

बस. राग एक ओळ.

दोघी गॉगलवाल्या

मंजुरी आली. ज्या संध्याकाळी आली त्या संध्याकाळी मी दिव्याकडे बघितलंच नाही. भीती वाटली, इतक्यात नजर लागायची.

उपचाराबद्दल घाबरलेल्यांना सांगते: उपचार चालू असताना दुखत नाही. थेंब पडत राहतात, मग जांभळा प्रकाश, आणि त्याच्याकडे बघत राहायचं. डॉक्टर मधूनमधून “शाबाश, शाबाश” म्हणत होत्या. दुखतं ते नंतर, बधिरपणा उतरल्यावर. डोळ्यात वाळू भरून वरून पापणी शिवून टाकल्यासारखं वाटतं.

मला सायलीच्या घरी, अल खौदला नेलं. पडदे ओढलेल्या खोलीत सायलीने मला कुळथाचं पिठलं आणि भात भरवला, चमच्याने, लहान मुलासारखा. तिला सगळं आधीच माहीत होतं. “आता संध्याकाळी टोचायला लागेल. घाबरू नको, उद्या दुपारी कमी होतं. कूस डावीकडे नको.” आजारपणातही ती माझ्या पुढे निघून गेली होती. धाकटी मला अनुभवाचे चार शब्द सांगत होती.

“तुला सगळंच आधी मिळतं,” मी म्हणाले.

“हो. दुखणं पण. धर, घास घे.” मग स्वतःचा तपकिरी गॉगल काढून तिने माझ्या नाकावर ठेवला. “आणि हा घाल. तुझं तत्त्व दोन दिवस कपाटात ठेव.”

ऑफिसातून आलेल्या निखिलने दारातूनच बघितलं. मी एका गॉगलमध्ये, सायली सोबतीला दुसऱ्या गॉगलमध्ये, टीव्ही बंद. “ताई, मला बाहेर उभं राहायला सांगा. मी तुम्हा दोघींचा बॉडीगार्ड वाटतोय.”

हसल्यावर डोळा भयंकर दुखला. तरी हसलो.

मागण्या

आता हे ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना, पहिल्या ओळीत.

चष्म्याच्या दुकानाआधी वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नंबर दरवर्षी बदलत असेल तर नवा चष्मा घेऊन गप्प बसू नका, का बदलतो ते विचारा. विम्यातला चष्म्याचा लाभ आणि डोळ्याच्या आजाराचा उपचार ही दोन वेगळी दारं आहेत, आणि एक वापरलं म्हणून दुसरं बंद होत नाही. काउंटरवर विचारलं तर जे होतंय ते सांगा: सावल्या दिसतात, दुखतं, घरात आजार आहे. मंजुरी नाकारली तर का नाकारली आणि कुठल्या भागाखाली, ते विचारा, आणि डॉक्टरांना सांगा. तुमची पॉलिसी माझ्यासारखी असेलच असं नाही, म्हणून ती वाचा. भांडायच्या आधी वाचा. भावंडांना तपासून घ्या, त्यांचा कितीही राग येत असला तरी. डोळे चोळू नका.

आणि दुसरी ओळ: आमच्या ऑफिसात चहा करणाऱ्या माणसाच्या कार्डावर चष्म्याचं पानच नाही. कार्डांच्या श्रेणींबद्दल मी सगळंच चुकीचं बोलत नव्हते. तो राग मी जपून ठेवलाय, त्याची मागणी नेमकी लिहून होईपर्यंत.

बोर्ड

परवा दोघींची तपासणी एकाच दिवशी होती. सायलीने एका दमात अगदी खालची, मुंगीएवढी ओळ वाचली. माझ्या उजव्या डोळ्याला आता कडक लेन्स आहे. ती घालायला रोज सकाळी भांडण होतं, पण त्यातून मोठी अक्षरं दिसतात. डाव्याने मी सायलीच्या दोन ओळी वर थांबले. उपचाराआधी जिथे थांबले होते तिथेच. नवा नकाशा जुन्यावर ठेवून डॉक्टर म्हणाल्या, “हलला नाही.” त्यांनी हात पुढे केला आणि आम्ही हात मिळवले, निवडणूक जिंकल्यासारखे.

परत येताना सायली गाडी चालवत होती. मी शेजारी. हायवेवर ऊन आणि धूळ. तिच्या डोळ्यांना लांबच्या पाटीवरची अरबी दिसत होती, इंग्रजी दिसत होती, कडेच्या डोंगरावरची एकुलती एक शेळी दिसत होती. “ती बघ, ताई!” ती म्हणाली. मला डोंगर दिसला. शेळी तिच्या शब्दावर मान्य केली, आणि हेव्याची ती जुनी कळ आली, ठरलेल्या जागी. ती जाणार नाही. मी आता तिची वाटही बघत नाही आणि तिला हाकलतही नाही. ज्या डोळ्यांवर जळायचं ते डोळे धड राहायला हवेत, एवढंच मला हवंय.

एसीतून धूळ आली असावी. तिचा एक हात स्टेअरिंगवरून सुटला, मनगट वळलं, डोळ्याकडे निघालं.

मी ते वाटेतच पकडलं.

“ताई! गाडी चालवतेय मी!”

“चालव. चोळू नकोस.”